टर्बो पेट्रोल गाडी: घाटात इंजिनची टकटक आणि ओव्हरटेक करताना अडखळ, तपासणी कोठून सुरू करावी?

कृष्णाकाठ, वाई

सर्वांना नमस्कार.

माझ्याकडे २०२१ सालची एक लिटर, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी आहे. इंजेक्शन थेट सिलिंडरमध्ये होते, सहा गिअर आहेत आणि ते हाताने टाकायचे आहेत. गाडी साधारण ५८,००० किलोमीटर चालली आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ते दिले की चर्चा इंजिन सोडून कंपनीवर जाते.

तक्रारी दोन आहेत. वाईहून पाचगणीकडे पसरणी घाट चढताना, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये इंजिन १६०० ते २२०० आरपीएमवर असताना ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला, की पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवावेत तसा टकटक आवाज सुरू होतो. पाय सैल केला किंवा गिअर खाली घेतला की तो लगेच थांबतो. सकाळच्या गारव्यात तो जवळजवळ नसतो आणि एप्रिल-मेच्या दुपारी सर्वांत जास्त असतो. दुसरी तक्रार सपाट रस्त्यावरची आहे. पुणे-सातारा महामार्गावर ट्रकच्या पुढे जाण्यासाठी २५०० आरपीएमच्या वर पाय दाबला, तर गाडी क्षणभर थबकते, बारीक गचके देते आणि मगच उचलते.

चेक इंजिनचा दिवा एकदाही लागलेला नाही. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून 'एरर काही नाही' असे सांगितले. तिथल्या एका सल्लागाराने दोष ई२० पेट्रोलचा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) ठरवला, दुसऱ्याने इंजेक्टर क्लीनिंग सुचवले, आणि त्याने फरक पडला नाही तर टर्बो बदलावा लागेल असे म्हणून खर्चाचा जो अंदाज हातात ठेवला, तो वाचून मी गाडी तशीच घरी आणली.

या दोन तक्रारी एकाच बिघाडाच्या आहेत की वेगवेगळ्या, आणि एकामागून एक पार्ट बदलत बसावे लागू नये यासाठी तपासणीचा क्रम काय ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दहनकक्ष, पुणे

आपण आवाज कधी येतो आणि कधी थांबतो हे इतके नेमके लिहिले आहे की अर्धे काम तिथेच झाले आहे. बहुतेक जण फक्त 'आवाज येतो' एवढेच लिहितात आणि मग कोणालाच काही सांगता येत नाही.

आधी आवाजाविषयी. ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या भिंतीकडे पसरत जाते आणि तिच्या पुढे असलेले, अजून न जळलेले मिश्रण दाबले जाऊन तापत राहते. ज्योत तिथे पोहोचण्याआधीच ते मिश्रण आपोआप पेटले, तर दाबाच्या लहरी भिंतींवर आदळतात आणि आपल्याला धातूची टकटक ऐकू येते. हे नॉकिंग. ते वाढवणाऱ्या गोष्टी म्हणजे जास्त भार, कमी आरपीएम, तापलेली हवा, तापलेले इंजिन, कमी ऑक्टेनचे (म्हणजे आपोआप पेटण्याला कमी विरोध करणारे) पेट्रोल आणि ठिणगीची वेळ गरजेपेक्षा आधी असणे. आपली पहिली तक्रार या वर्णनात चपखल बसते. भार काढताच आवाज थांबतो, म्हणून बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉडचा ठोका असण्याची शक्यता कमी वाटते. तो ठोका जड असतो, आरपीएमबरोबर वाढत जातो आणि पेट्रोल किंवा हवामान बदलल्याने कमी होत नाही.

याच कुळातला पण निराळा असा आणखी एक प्रकार लहान टर्बो इंजिनांत होतो. त्यात कमी आरपीएम आणि जास्त भार असताना ठिणगी पडण्याच्या आधीच मिश्रण पेटते, आणि त्याला कारण बहुधा पिस्टन रिंगजवळ साचलेले ऑइल-पेट्रोलचे थेंब किंवा कार्बनचे कण असतात. हा प्रकार सलग टकटक करीत नाही. अवचित एखाददुसरा जोरदार धक्का बसतो आणि पुन्हा शांतता होते, पण तेवढ्या एका धक्क्यातही पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटू शकते. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे त्याला खतपाणी मिळते हे लक्षात आल्यावर २०१८ मध्ये एपीआयने (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने) एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही ऑइलची प्रतवारी आणली. आपल्या ऑइलच्या डब्यावर नुसते ५डब्ल्यू-३० लिहिले आहे की एसपीही लिहिले आहे, ते जरूर पाहावे. मात्र आपले वर्णन सलग टकटकीचे असल्यामुळे मी सध्या साध्या नॉकिंगच्याच बाजूने झुकतो.

आता एक मुद्दा सहसा सुटतो. इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. तो कंप ओळखतो आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश (क्रँकशाफ्टच्या फिरण्याचे अंश) उशिरा टाकतो, मग हळूहळू पूर्ववत करतो. हे काम एरवी इतके सफाईने होते की चालकाला नॉकिंग ऐकूच येत नाही. ज्या गाडीत ते वारंवार कानांनी ऐकू येते, तिथे ईसीयूला आवरता येणार नाही इतके मूळ कारण वाढलेले असते, किंवा सेन्सर नीट ऐकत नसतो. ठिणगी उशिरा पडली की ताकद उतरते. म्हणजे नॉकिंग हेच अडखळण्याचे कारण असू शकते. उलट अडखळ प्लग, कॉइल, हवेची गळती किंवा पेट्रोलच्या दाबामुळेही येऊ शकते आणि तिचा नॉकिंगशी संबंध नसूही शकतो. म्हणून आधी आकडे घ्यावेत. गाडीच्या तपासणी-सॉकेटमध्ये बसणारा साधा ओबीडी अडॅप्टर फोनला जोडून मॅनिफोल्डचा (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब, आत जाणाऱ्या हवेचे तापमान, ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचे दीर्घकालीन ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या प्रमाणात करीत असलेली कमी-जास्त दुरुस्ती) हे चार आकडे घाटात नोंदवता येतील. नोंद ॲपला करू द्यावी आणि फोनकडे शेजारी बसलेल्याने पाहावे. वर्कशॉपचा चांगला स्कॅनर मिळाला, तर ईसीयूने मागितलेला दाब, प्रत्यक्ष मिळालेला दाब आणि प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती मागे खेचली गेली, म्हणजे किती उशिरा टाकली गेली, तेही दिसेल.

एक सोपी चाचणी घरीच करावी. चावी ऑन करावी, पण इंजिन सुरू करू नये. मॅनिफोल्ड दाबाचा सेन्सर त्या वेळी बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. वाईच्या उंचीवर तो साधारण ९३ किलोपास्कल आणि पाचगणीला ८७ च्या आसपास असायला हवा. तो भलताच आकडा दाखवीत असेल, तर पुढचे सगळे आकडे निरुपयोगी समजावेत.

जुना फिटर, कराड

इंजिनियर साहेबांनी सांगितले ते बरोबर आहे. मी गॅरेजच्या बाजूने थोडी भर घालतो.

स्कॅनरमध्ये एरर नाही म्हणजे बिघाड नाही, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. टर्बोचा दाब कमी पडल्याची नोंद ईसीयू तेव्हाच करतो, जेव्हा तो ठरावीक मर्यादेच्या खाली ठरावीक वेळ राहतो. आपण ओव्हरटेक करताना क्षणभर पाय दाबता आणि काढता, त्यामुळे नोंद होण्याआधीच प्रसंग संपून जातो. पक्के झालेले एरर नसले तरी प्रलंबित एरर स्कॅनरवर वेगळे पाहता येतात, ते पाहायला सांगा.

बॉनेट उघडून सगळ्यात आधी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) रबरी होज हाताने चाचपा. इंजिन थंड असतानाच हे करा. वरून होज धडधाकट दिसतो आणि खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेला, चिरलेला असतो. गाडी उभी असताना चीर मिटलेली राहते, दाब आला की उघडते. ओळखण्याची खूण अशी की टर्बोच्या हवेबरोबर थोडी ऑइलची वाफ नेहमीच असते. ती चिरेतून बाहेर येते, तिच्यावर धूळ बसते आणि काळा चिकट डाग तयार होतो. बाकी होज कोरडा आणि एकाच जागी ओलसर काळे दिसले, तर तिथे बोट फिरवून पाहा. होजच्या आत ऑइलचा पातळ थर असणे साधारण आहे. तिथे ऑइल साचून वाहत असेल, तर मात्र टर्बोची सील किंवा क्रँककेसच्या वाफेचा व्हॉल्व्ह तपासावा लागेल.

खात्री करायची तर स्मोक टेस्ट करून घ्या. इनटेकचे तोंड बंद करून थोड्या दाबाने धूर भरतात आणि तो कुठून निघतो ते पाहतात. धुराचे यंत्र नसेल, तर हलका दाब देऊन साबणाचे पाणी मारले तरी बुडबुडे दिसतात.

दुसरे प्लग. टर्बो गाडीत सिलिंडरमधला दाब जास्त असल्याने ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते आणि गॅप वाढलेला असेल तर नेमकी ओव्हरटेकच्या वेळी ठिणगी चुकते. सावकाश चालवताना काहीच जाणवत नाही. बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो, तरी आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधलाच धरा. प्लग इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढा, कारण हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि गरम असताना आटे जातात. बदलायचे असतील तर त्याच हीट रेंजचे बसवा. जास्त गरम राहणारा प्लग बसवला तर प्लगच नॉकिंगचे कारण होतो.

इंजेक्टर क्लीनिंगविषयी एक सांगतो. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही. त्यामुळे टाकीत ओतायच्या बाटलीने इंजेक्टरला थोडा फायदा होईलही, पण व्हॉल्व्हच्या मागे बसलेला कार्बन निघत नाही. आणि पेट्रोलच्या हाय प्रेशर लाईनला स्वतः पाना लावू नका. तिथे २०० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो, आणि इंजिन बंद केल्यावरही तो लगेच उतरत नाही.

सह्यवारा, नाशिक

एवढी उठाठेव कशासाठी करायची, असे मला वाटते. ई२० आल्यापासून अनेकांच्या गाड्यांची ॲव्हरेज उतरली आहे आणि पिकअप गेला आहे. आपली गाडी २०२१ ची, म्हणजे ई२० साठी ट्यून केलेली नसणार. शंभर ऑक्टेनचे पेट्रोल भरून पाहा, प्रश्न मिटेल.

दहनकक्ष, पुणे

सह्यवारा, आपला राग मी समजू शकतो, पण येथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे मिश्रणाने ॲव्हरेज काही प्रमाणात उतरते, हे खरे. जुन्या गाड्यांतील रबर आणि सील यांविषयीची काळजीही रास्त आहे. नॉकिंगच्या बाबतीत मात्र इथेनॉलचा परिणाम उलटा होतो. त्याचा ऑक्टेन जास्त असतो आणि बाष्पीभवन होताना ते हवेतली उष्णता बरीच शोषून घेते, म्हणून ई२० ने टकटक कमी व्हायला हवी. बीएस-६ च्या साध्या पेट्रोलसाठी किमान ऑक्टेन ९१ ठरवलेला आहे आणि ई२० चा त्याहून जास्त, ९५ च्या घरात असतो. पाणी शिरून इथेनॉल वेगळे झालेले पेट्रोल पंपावरून मिळाले, तर गोष्ट निराळी. पण तशी गाडी घाटातच काय, पार्किंगमध्येही धड चालत नाही.

जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरण्याचा सल्ला मला चाचणी म्हणून मान्य आहे, उपाय म्हणून नाही. टाकी जवळजवळ रिकामी करून ते भरावे, ईसीयूला जुळवून घेण्यासाठी थोडे अंतर चालवावे आणि मग तोच घाट, तोच गिअर आणि शक्य तर तीच दुपारची वेळ ठेवून चढावे. टकटक थांबली आणि अडखळ राहिली, तर अडखळीचे कारण दुसरे आहे हे कळेल. दोन्ही थांबल्या, तर नॉकिंग हाच धागा पकडून पुढे जावे. पण महाग पेट्रोलने आवाज थांबला म्हणून तेच भरत राहणे म्हणजे हवा तापवणारे मूळ कारण तसेच ठेवणे होय.

कृष्णाकाठ, वाई

सर्वांचे आभार. ओबीडी अडॅप्टर मिळवून घाटात आणि महामार्गावर नोंदी घेतल्या. नंतर साताऱ्यातल्या एका गॅरेजचा मोठा स्कॅनरही लावून पाहिला.

चावी ऑन आणि इंजिन बंद असताना दाब ९३ किलोपास्कल दिसतो, म्हणजे सेन्सर ठीक असावा. घाटात १८०० आरपीएमवर ईसीयूने मागितलेला दाब जवळजवळ पूर्ण मिळतो, पण बाहेर ३६ अंश असताना आत जाणाऱ्या हवेचे तापमान ६८ अंशांपर्यंत चढते आणि तिन्ही सिलिंडरची ठिणगी सहा ते आठ अंश मागे खेचलेली दिसते. महामार्गावर २८०० आरपीएमला मात्र मागणी १९० किलोपास्कलची असताना १६० च्या वर दाब जात नाही, आणि त्याच क्षणी वेस्टगेट (टर्बोला वगळून एक्झॉस्ट बाहेर सोडणारी झडप) पूर्ण बंद ठेवण्याचा, म्हणजे टर्बोने पूर्ण जोर लावण्याचा, आदेश दिसतो. दीर्घकालीन ट्रिम अधिक तीन टक्के आहे. पेट्रोलच्या रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब मागणीबरोबर चालतो. ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी लिहिलेले आहे. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने टकटक बरीच कमी झाली, अडखळ जशीच्या तशी राहिली.

ट्रिम इतके चांगले असताना हवेची गळती असू शकते का, हा माझा पुढचा प्रश्न आहे.

दहनकक्ष, पुणे

असू शकते. आपल्या इंजिनात हवेचा हिशेब मॅनिफोल्डच्या दाबावरून केला जात असावा. थ्रॉटलच्या आधीच्या होजमधून हवा गळली, तरी सेन्सर मॅनिफोल्डमध्ये जे शिल्लक आहे तेच मोजतो आणि पेट्रोल तेवढ्याच हिशेबाने जाते, म्हणून ट्रिम बिघडत नाही. हवेचा प्रवाह टर्बोच्या आधीच मोजणाऱ्या गाडीत हीच गळती झाली असती, तर मोजलेली हवा बाहेर गेली असती आणि दाबाखाली मिश्रणात पेट्रोल जास्त झाले असते. ट्रिम पाहून गळती नाही असा निष्कर्ष काढणाऱ्यांची येथेच गफलत होते.

आपल्या नोंदींमधून मला दोन्ही तक्रारींची एकच साखळी दिसते. हवा वाटेत गळत असल्याने मागितलेला दाब पुरा करण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. अधिक दाबलेली हवा अधिक तापते, एक्झॉस्टच्या बाजूला दाब वाढून सिलिंडरमध्ये जळलेला गरम वायूही थोडा जास्त उरतो, आणि १८०० आरपीएमवर दाब भरून निघाला तरी त्याची किंमत टकटकीच्या रूपाने मोजावी लागते. २८०० वर हवेची गरज इतकी वाढते की वेस्टगेट पूर्ण मिटूनही भरपाई होत नाही, आणि गाडी थबकते. तिन्ही सिलिंडरची ठिणगी सारखीच मागे गेली आहे, हेही याला पूरक आहे. एकाच सिलिंडरची गेली असती, तर मी त्याचा प्लग, इंजेक्टर किंवा तिथला कार्बन धरला असता.

वेस्टगेटची झडप नीट बसत नसेल तरीही दाब कमी पडतो, पण तेवढ्याने हवा इतकी तापण्याचे कारण नाही. शिवाय दाब कमी पडण्याने बारीक गचके येत नाहीत, गाडी फक्त मंद ओढते. गचक्यांसाठी मी प्लगवर संशय घेईन. स्मोक टेस्ट आधी करावी, आणि इंटरकूलरच्या जाळीत चिखल व किडे अडकले आहेत का तेही त्याच वेळी पाहावे.

कृष्णाकाठ, वाई

स्मोक टेस्ट झाली. इंटरकूलरकडून थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या होजच्या खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या अगदी लगत, धूर निघाला. फिटर काकांनी सांगितले होते तसाच रुपयाएवढा काळा, चिकट, धूळ बसलेला डाग तिथे होता. तो पुसल्यावर बोटाने होज वाकवला तेव्हाच चीर दिसली, एरवी ती मिटलेली होती. प्लग काढून फिलर गेज लावला तर तिन्हींचा गॅप १ मिलिमीटरच्या पुढे गेलेला होता, आणि मॅन्युअलमध्ये ०.७ ते ०.८ दिला आहे. इंटरकूलरच्या जाळीतून बराच वाळलेला चिखल निघाला. टर्बोच्या शाफ्टला बाजूने अगदी नाममात्र हालचाल आहे, पुढे-मागे अजिबात नाही, म्हणून गॅरेजवाल्यांनीच टर्बोला हात लावू नका असे सांगितले.

होज, क्लॅम्प आणि प्लग नवे बसवल्यावर २८०० आरपीएमला दाब मागणीपर्यंत पोहोचतो आणि अडखळ पूर्ण गेली आहे. साध्या पेट्रोलवर त्याच घाटात आत जाणाऱ्या हवेचे तापमान ५० अंशांच्या आसपास राहते. टकटक तिसऱ्या गिअरमध्ये येत नाही. चौथ्यात १५०० च्या खाली इंजिन ओढायला लावले, तर दुपारी अजून किंचित ऐकू येते, आणि ठिणगी दोन-तीन अंश मागे जाताना दिसते. त्यासाठी व्हॉल्व्हचा कार्बन काढून घ्यावा का?

जुना फिटर, कराड

आत्ताच नको. चौथ्यात १५०० वर घाट चढायला लावले तर नवी गाडीही कुरकुर करते. तिथे तिसरा गिअर टाका आणि इंजिन २००० च्या वर ठेवा. कार्बन आहे की नाही ते अंदाजाने ठरवण्याऐवजी पुढच्या सर्व्हिसला इनटेकमधून बारीक कॅमेरा घालून व्हॉल्व्हची मागची बाजू पाहून घ्या. जाड पापुद्रे दिसले, तर इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने ब्लास्टिंग करून घेता येते, पण ते काम, ज्याची सफाई चालू आहे तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद असल्याची खात्री करणाऱ्याकडेच द्या. भुकटी सिलिंडरमध्ये गेली तर आजचा वाचलेला खर्च दुप्पट होऊन परत येईल.

नव्या होजचा क्लॅम्प हजारभर किलोमीटर झाल्यावर एकदा तपासा. रबर बसले की तो थोडा सैल होतो.